फिल हिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन शर्यतपटू फिल हिलचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "१९६१ मध्ये जगज्जेतेपदाच्या शर्यतीत पुढे असलेला फेरारीचाच वोल्फगांग फॉन ट्रिप्स मेला नसता, तर हा जगज्जेता झाला असता का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर खाली आकड्यांनिशी दिलं आहे. पण हिलची कारकीर्द ट्रिप्स गेला त्या एका दुपारपुरती नव्हती. तीन वेळा ले माँ ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकलेला, इंजिनाच्या आवाजातून गाडीची नाडी ओळखणारा, शर्यतीआधी भीतीने पोट बिघडवून घेणारा आणि तरीही सतरा वर्षं टिकलेला हा माणूस मला फार जवळचा वाटतो. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

फिल हिल नेमका कोण?

पूर्ण नाव फिलिप टोल हिल, ज्युनिअर. जन्म २० एप्रिल १९२७, फ्लोरिडातल्या मायामी शहरात. वाढला मात्र कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकामध्ये. १९६१ साली फेरारीकडून फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मिळवणारा पहिला अमेरिकन. २४ तासांची ले माँ शर्यत त्याने १९५८, १९६१ आणि १९६२ अशी तीनदा जिंकली. सेब्रिंगची १२ तासांची शर्यतही तीनदा: १९५८, १९५९ आणि १९६१.

ग्रॅहम हिल आणि डेमन हिल त्याचे नातेवाईक का?

नाही. ग्रॅहम आणि डेमन हे इंग्लंडचे बापलेक, दोघेही जगज्जेते. फिल हिलशी त्यांचं काही नातं नाही. १९६१ आणि १९६२ ही लागोपाठची दोन जगज्जेतेपदं दोन वेगवेगळ्या हिलांनी जिंकली, त्यामुळे हा घोळ होतो. आधी फिल, मग ग्रॅहम.

पहिला अमेरिकन तो, मग मारिओ आंद्रेत्ती कोण?

दुसरा. आंद्रेत्ती १९७८ मध्ये जगज्जेता झाला. त्याचा जन्म इटलीतल्या मोंटोनाचा (आज ते गाव क्रोएशियात आहे), कुटुंब नंतर अमेरिकेत गेलं. म्हणजे अमेरिकेत जन्मलेला फॉर्म्युला वन जगज्जेता आजवर एकच, फिल हिल.

या दोघांच्या कहाण्यांमधलं एक साम्य वाचताना अंगावर काटा येतो. दोघांचंही जगज्जेतेपद इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर नक्की झालं आणि दोघांनीही त्याच शर्यतीत आपल्या संघातला सोबती गमावला. हिलचा सोबती वोल्फगांग फॉन ट्रिप्स, आंद्रेत्तीचा रॉनी पीटरसन.

गाड्यांचा नाद लागला कुठून?

मावशीकडून! हेलन मावशीने बारा वर्षांच्या फिलला जुनी फोर्ड मॉडेल टी घेऊन दिली. बारा वर्षांच्या पोराला सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तो ती खासगी जागेतल्या रस्त्यांवर फिरवायचा. फिरवण्यापेक्षा खोलून जोडण्यात त्याचा जास्त वेळ जायचा.

वडील सांता मोनिकाचे पोस्टमास्तर. घर खाऊनपिऊन सुखी, पण घरातलं वातावरण ताणाचं. मुलाने शिकावं म्हणून त्याला युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात व्यवसाय व्यवस्थापन शिकायला घातलं. ते अर्धवट टाकून हा लॉस एंजेलिसमधल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकचा हाताखालचा पोऱ्या झाला. पुढे इंग्लंडला जाऊन जग्वारच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिला आणि परतताना जग्वार एक्सके १२० घेऊन आला. १९५० मध्ये त्याच गाडीतून पेबल बीचची शर्यत जिंकली.

१९५१ मध्ये आई आणि वडील दोघंही गेले. वारशाने आलेल्या पैशातून त्याने फेरारी २१२ घेतली. न्यूयॉर्कमध्ये फेरारीच्या गाड्या आणून विकणारे लुईजी किनेत्ती हे स्वतः ले माँचे तीन वेळचे विजेते. या मुलाच्या हातात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं. हिलला पुढे युरोपचं दार उघडलं ते किनेत्तींमुळेच.

त्याने मध्येच शर्यती सोडल्या होत्या, हे खरं का?

हो. पोटाच्या अल्सरमुळे. १९५३ मध्ये मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीत, शेजारी मित्र रिची गिंथर बसलेला असताना, त्याची फेरारी रस्ता सोडून उतारावरून खाली गेली. दोघं वाचले. ही शर्यत मेक्सिकोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सार्वजनिक रस्त्यांवरून, तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतराची. दऱ्या, घाट आणि रस्त्याच्या अगदी कडेला उभी माणसं.

त्यानंतर पोटाचं दुखणं इतकं वाढलं की डॉक्टरांनी शर्यती बंद करायला सांगितलं आणि जवळजवळ दहा महिने तो लांब राहिला. परतला तो १९५४ च्या त्याच कॅरेरामध्ये, त्याच गिंथरला घेऊन. उंबेर्तो मालियोलीच्या पाठोपाठ दुसरा आला. मालियोलीकडे कारखान्याच्या तोडीची नवी फेरारी होती आणि हिलकडे तिच्यापेक्षा जुनी.

हिलने आपली भीती कधी लपवली नाही, म्हणून हे सविस्तर सांगतोय. शर्यत सुरू होण्याआधी तो अस्वस्थपणे येरझाऱ्या घालायचा. त्या काळातले बरेच चालक मरणाला हसत असल्याचा आव आणायचे, याने तो आव आणला नाही. झेंडा पडला की मात्र तोच माणूस शांत व्हायचा.

एवढा चांगला होता, तर फेरारीने त्याला फॉर्म्युला वनसाठी इतकं थांबवलं का?

एन्झो फेरारी यांच्या मते हिल लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्स कार शर्यतींचा माणूस होता. गाडी सांभाळून नेणारा, चोवीस तास टिकवणारा. ज्या गुणासाठी कौतुक होत होतं, तोच गुण त्याच्या वाटेत आडवा आला. १९५६ पासून तो कारखान्याच्या संघात होता. त्या वर्षी मॉरिस त्रँतिन्याँसोबत त्याने स्वीडनमधली स्पोर्ट्स कारची ग्रां प्री जिंकली. तरी फॉर्म्युला वनची एकआसनी गाडी काही मिळेना.

शेवटी जुलै १९५८ मध्ये फ्रान्समधल्या रीम्सला त्याने यो बोनिएची मासेराती २५० एफ घेतली आणि फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केलं. सातवा आला. फेरारीचा इटालियन चालक लुईजी मुस्सो याच शर्यतीत मेला. हुआन मान्युएल फांजिओची ही अखेरची शर्यत. महिनाभरात जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर फेरारीचाच पीटर कॉलिन्स गेला.

त्याआधीच्या वर्षी, १९५७ मध्ये, एउजेनिओ कास्तेल्लोत्ती मोडेनातल्या चाचणीत आणि आल्फोन्सो दे पोर्तागो इटलीतल्या मिल्ले मिलिया या शर्यतीत मरण पावले होते. हिलला हवी असलेली जागा अशी एकेक करून रिकामी होत होती. त्या जागेवर बसताना त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो.

कासाब्लांकाला त्याने मुद्दाम दुसरा क्रमांक सोडला का?

सोडला, आणि ते योग्यच होतं. १९ ऑक्टोबर १९५८, मोरोक्कोतला आइन-दियाब ट्रॅक, मोसमातली शेवटची शर्यत. स्टर्लिंग मॉस पुढे होता. तो जिंकणार असेल, तर फेरारीच्या माइक हॉथॉर्नला जगज्जेतेपदासाठी दुसरा क्रमांक हवाच होता. दुसऱ्या क्रमांकावर होता हिल, फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीतून आपली दुसरीच शर्यत चालवणारा. त्याने वेग कमी करून हॉथॉर्नला वाट दिली. हॉथॉर्न ४२ गुण, मॉस ४१. एका गुणाने जगज्जेता ठरला.

तीन वर्षांनी असाच एक गुण हिलच्या वाट्याला येणार होता.

ले माँमध्ये तो इतका वरचढ कशामुळे होता?

दोन कारणं: त्याचा जोडीदार आणि त्याचे कान.

जोडीदार म्हणजे बेल्जियमचा ओलिव्हिए जाँदबिएँ. तिन्ही विजय दोघांनी मिळून मिळवले. दोघांची गाडी चालवायची पद्धत जुळणारी होती, दोघंही यंत्राला विनाकारण ताणायचे नाहीत. ले माँमध्ये एकाने क्लच जाळला की दुसऱ्याचं कौशल्य वाया जातं, म्हणून अशी जोडी जुळणं हाच अर्धा विजय असतो.

१९५८ ची रात्र डोळ्यांसमोर आणून बघा. शनिवारी दुपारी चारला शर्यत सुरू झाली आणि संध्याकाळी पाऊस कोसळायला लागला. फेरारी २५० टेस्टा रोसा ही उघडी गाडी. डोक्यावर छप्पर नाही, समोर बुटकी काच, ती पाण्याने आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या चिखलाने बरबटलेली. चष्म्यावर पाणी. साडेतेरा किलोमीटरची एक फेरी, त्यात झाडीतून जाणारा मुल्सानचा लांबलचक सरळ रस्ता, आणि अंधारात पुढे आपल्यापेक्षा निम्म्या वेगाने धावणारी एखादी छोटी गाडी कधी समोर येईल याचा नेम नाही. अशा वेळी डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पुढच्या गाडीच्या एक्झॉस्टचा आवाज, आपल्याच टायरखालचं पाणी, इंजिनाची लय, यांवरून अंदाज बांधावा लागतो. गॅरेजमध्ये वाढलेल्या माणसाचं तिथे सोनं झालं. रविवारी दुपारी ही जोडी दुसऱ्या गाडीच्या डझनभर फेऱ्या पुढे होती. ले माँ जिंकणारा अमेरिकेत जन्मलेला पहिला चालक हिलच.

१९६२ चा विजय मला १९५८ च्या बरोबरीचा वाटतो. ३३० टीआरआय ही चार लिटरची दांडगी गाडी, आणि तिच्या ताकदीपुढे क्लच घसरायला लागलेला. उरलेला बराच वेळ दोघांनी तिला लाडीगोडी लावत चालवलं आणि पाच फेऱ्यांच्या फरकाने जिंकून आणलं. पुढच्या बाजूला इंजिन असलेल्या गाडीने ले माँ जिंकण्याची ती शेवटची वेळ.

१९६० चा मोंझा विजय खरा मानायचा का? इंग्लिश संघ तर आलेच नव्हते.

मानायचा, पण परिस्थिती सांगून मानायचा. मोंझाच्या आयोजकांनी त्या वर्षी नेहमीच्या रस्त्याला उंच कललेली काँक्रीटची वळणं जोडून दहा किलोमीटरचा ट्रॅक केला. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'ची भिंत डोळ्यांपुढे आणा आणि ती खडबडीत काँक्रीटची आहे असं समजा. गाडीवर भयंकर भार यायचा. कूपर, लोटस आणि बीआरएम या संघांनी हे धोकादायक आहे म्हणून बहिष्कार टाकला. त्यांच्या हलक्या, मागे इंजिन असलेल्या गाड्यांना ते परवडणारं नव्हतं आणि फेरारीच्या जुन्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीला तो वेगवान ट्रॅक मानवणारा होता, हेही खरं.

हिल पहिला, गिंथर दुसरा. १९२१ मध्ये जिमी मर्फीने ड्युझनबर्गमधून फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती. त्यानंतर ग्रां प्री जिंकणारा हिल हाच पहिला अमेरिकन. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा जागतिक मालिकेतला तो शेवटचा विजय. समोर तगडे प्रतिस्पर्धी नव्हते, म्हणून हिलच्या तीन ग्रां प्री विजयांत मी हा तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

'शार्कनोज' म्हणजे कोणती गाडी?

फेरारी १५६. १९६१ मध्ये इंजिनाची मर्यादा अडीच लिटरवरून दीड लिटरवर आली. इंग्लिश संघ कुरकुरत बसले, तोवर फेरारीची तयारी झालेली होती. अभियंते कार्लो किती यांनी चालकाच्या मागे व्ही-सिक्स इंजिन बसवलं. त्याच्या दोन बाजूंमधला कोन १२० अंशांचा, त्यामुळे इंजिन पसरट आणि बुटकं, गाडीचं वजन जमिनीलगत. पुढून पाहिलं तर टोकाला दोन नाकपुड्या, अगदी शार्क माशासारख्या. म्हणून हे नाव. ताकदीत तिच्या जवळपास कुणी नव्हतं. फेरारीला त्या वर्षी हरवलं ते फक्त मॉसने मोनॅको आणि नुर्बुर्गरिंगला, म्हणजे जिथे ताकदीपेक्षा हात जास्त बोलतो तिथे.

त्याच नुर्बुर्गरिंगला सरावात हिलने ८ मिनिटं ५५.२ सेकंदांची फेरी काढली. जवळपास तेवीस किलोमीटरच्या, डोंगरातून जाणाऱ्या त्या ट्रॅकवर नऊ मिनिटांच्या आत येणारा तो पहिलाच. हिलला फक्त 'सांभाळून चालवणारा' म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो.

ट्रिप्सचा मृत्यू झाला म्हणूनच हिल जगज्जेता झाला का?

आता आकडे. १९६१ मध्ये पहिल्याला ९ गुण, मग ६, ४, ३, २, १. आठ शर्यतींपैकी प्रत्येकाच्या सर्वोत्तम पाच निकालांचेच गुण धरायचे.

मोंझाच्या आधी हिलची कमाई अशी: मोनॅको तिसरा (४), झांडवूर्ट दुसरा (६), स्पा पहिला (९), रीम्स शून्य, एनट्री दुसरा (६), नुर्बुर्गरिंग तिसरा (४). एकूण २९. ट्रिप्सची: मोनॅको चौथा (३), झांडवूर्ट पहिला (९), स्पा दुसरा (६), रीम्स शून्य, एनट्री पहिला (९), नुर्बुर्गरिंग दुसरा (६). एकूण ३३.

पाच निकाल दोघांचेही भरलेले. आता नवा निकाल जुन्या सर्वांत लहान निकालाची जागा घेणार. हिल मोंझाला दुसरा आला असता तर एका ४ च्या जागी ६, म्हणजे ३१. पुरेसे नाहीत. तिसरा आला असता तर २९ च. म्हणजे ट्रिप्सच्या मृत्यूनंतरही हिलला जगज्जेतेपद आपोआप मिळत नव्हतं. त्याच दिवशी मिळवायचं तर शर्यत जिंकणं हा एकच मार्ग होता. त्याने ती जिंकली: ४ च्या जागी ९, एकूण ३४. ट्रिप्स ३३.

आता दुसरी बाजू. ट्रिप्स जिवंत राहून दुसरा आला असता तर त्याच्या ३ च्या जागी ६ येऊन ३६ झाले असते आणि हिल जिंकूनही मागे राहिला असता. तिसरा आला असता तर एका गुणाची भर पडून ३४, म्हणजे बरोबरी. ट्रिप्सचं पारडं जड होतं, हे मान्य करायलाच हवं.

पण त्या दिवशी एक गोष्ट आणखी घडली, तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. मोंझाला पाच फेरारी उतरल्या होत्या. ट्रिप्स दुसऱ्या फेरीत गेला. गिंथर, बाघेत्ती आणि एकोणीस वर्षांचा रिकार्डो रोड्रिगेझ यांच्या गाड्या बिघडून एकेक करत थांबल्या. त्या काँक्रीटच्या वळणांवर ४३ फेऱ्या, म्हणजे ४३० किलोमीटर, पूर्ण करणारी फेरारी एकच होती: हिलची. आदल्या रात्री तिचं इंजिन बदललेलं. म्हणजे कोरं, अनोळखी इंजिन घेऊन तो उतरला होता. ते त्याने शेवटपर्यंत आणलं आणि पोर्शेमधल्या डॅन गर्नीला अर्ध्या मिनिटाने मागे ठेवलं. हे नशिबाने होत नाही.

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

१० सप्टेंबर १९६१. पोल पोझिशनवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सर्वांत पुढे, ट्रिप्स, हिल चौथा. दुसऱ्या फेरीत पाराबोलिका वळणाकडे येताना ट्रिप्सची फेरारी आणि जिम क्लार्कची लोटस एकमेकींना लागल्या. फेरारी कडेच्या उंचवट्यावर चढली, कुंपणालगत दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांत शिरली आणि पुन्हा ट्रॅकवर येऊन पडली. ट्रिप्स आणि १५ प्रेक्षक गेले. शर्यत थांबवली नाही.

पुढे असलेला हिल प्रत्येक फेरीत त्या जागेवरून जात होता. काहीतरी मोठं घडलंय हे दिसत होतं, पण ट्रिप्स गेल्याचं त्याला कळलं ते शर्यत संपल्यावर. जगज्जेता झाल्याचा आनंद आणि ही बातमी एकाच वेळी. काही दिवसांनी जर्मनीत कोलोनजवळच्या होरेममध्ये ट्रिप्सच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हिल होता. आदल्या आठवड्यापर्यंत ज्याच्याशी जगज्जेतेपदासाठी झुंजत होता, त्यालाच खांदा.

मग अमेरिकेतल्या शर्यतीत जगज्जेता म्हणून त्याचं स्वागत झालं असेल?

गाडीतून उतरून नाही. आठवी आणि शेवटची शर्यत ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला होती. मोंझानंतर फेरारीने संघच पाठवला नाही, चालकाचं आणि गाडी बनवणाऱ्या संघाचं अशी दोन्ही विजेतेपदं तोवर हातात होती. अमेरिकेचा पहिला जगज्जेता स्वतःच्या देशातल्या ग्रां प्रीत त्या वर्षी धावू शकला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

जगज्जेता झाल्यावर इतक्या लवकर घसरण का झाली?

१९६१ संपता संपता फेरारीच्या कारखान्यात बंड झालं. किती आणि संघव्यवस्थापक रोमोलो ताव्होनी यांच्यासह वरिष्ठ मंडळी बाहेर पडली. १९६२ ची गाडी म्हणजे जवळपास १९६१ चीच, आणि इंग्लिश संघ मात्र नवी व्ही-एट इंजिनं घेऊन आलेले. हिल मोनॅकोत दुसरा, झांडवूर्ट आणि स्पाला तिसरा आला. पुढे काही हाती लागलं नाही.

१९६३ मध्ये तो फेरारीतून फुटलेल्या लोकांच्या एटीएस या नव्या संघात गेला. कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक हीच. गाडी कच्ची, तयारी अर्धी. सर्वांत चांगला निकाल मोंझाला अकरावा. १९६४ मध्ये कूपरकडून एक गुण मिळाला आणि फॉर्म्युला वन जवळजवळ संपलं. एकूण ३ विजय, ६ पोल पोझिशन.

तो सर्वांत वेगाने कधी धावला?

ऑक्टोबर १९५९, युटामधली बॉनेव्हिलची मिठाची मैदानं. एमजीच्या ईएक्स १८१ या थेंबाच्या आकाराच्या विक्रमी गाडीतून ताशी सुमारे ४१० किलोमीटर. तेही दीड लिटरच्या आसपासच्या इंजिनावर.

फॉर्म्युला वननंतर काय?

लांब पल्ला, म्हणजे त्याचं माहेरच. १९६४ मध्ये पेड्रो रोड्रिगेझसोबत डेटोनाची २००० किलोमीटरची शर्यत फेरारी २५० जीटीओमधून जिंकली. त्याच वर्षी फोर्डची जीटी ४० ले माँला पहिल्यांदा उतरली. हिल आणि ब्रूस मॅक्लॅरेन यांची गाडी शेवटपर्यंत टिकली नाही, पण शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी हिलचीच.

मग जिम हॉलच्या टेक्सासमधल्या चॅपरॅल संघात गेला. पांढऱ्या रंगाच्या, स्वयंचलित गिअरच्या धर्तीवरची यंत्रणा असलेल्या, मागे उंच पंख असलेल्या या गाड्या त्या काळात दुसऱ्या ग्रहावरून आल्यासारख्या दिसायच्या. जुन्या गाड्यांवर जीव असलेला हिल या सर्वांत नव्या गाड्यांतही रमला. १९६६ मध्ये यो बोनिएसोबत नुर्बुर्गरिंगची १००० किलोमीटरची शर्यत जिंकली. त्याच वर्षी कॅन-ॲम या उत्तर अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार मालिकेतली लागुना सेकाची शर्यतही. जुलै १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचला माइक स्पेन्ससोबत चॅपरॅल २ एफ मधून जिंकला. तीच शेवटची शर्यत. जिंकून थांबला.

अपघातात कधी गंभीर जखमी झाला का?

एकदाही नाही. १९६४ मध्ये ऑस्ट्रियात कूपर जळून खाक झाली, त्यातूनही सुखरूप बाहेर पडला. त्याच्या पिढीच्या यादीतली नावं वर वाचलीत, त्यावरून याचं मोल कळेल.

थोर चालकांमध्ये त्याला कुठे ठेवावं?

निव्वळ वेगात मॉस आणि क्लार्क त्याच्या पुढे. तसं म्हणण्यात त्याचा अपमान नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत, रात्री, पावसात, दुखऱ्या गाडीनिशी मात्र त्या दशकात हिलपेक्षा भरवशाचा माणूस मला दिसत नाही. एकाच वर्षी ले माँ आणि फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद, हे १९६१ मध्ये त्याने केलं. त्याच्या आधी ते कुणाला जमलं नव्हतं.

निवृत्तीनंतर काय केलं?

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या केल्या. खरं तर हे काम त्याने कधी सोडलंच नव्हतं. १९३१ सालची पिअर्स-ॲरो ही हेलन मावशीची गाडी. ती त्याने दुरुस्त करून १९५५ मध्ये पेबल बीचच्या मोटार प्रदर्शनात मांडली आणि मुख्य पारितोषिक मिळवलं. तोवर ते पारितोषिक नव्याकोऱ्या गाड्यांना जायचं, जुन्या गाडीला मिळण्याची ही पहिलीच वेळ. आज ते प्रदर्शन जुन्या गाड्यांची पंढरी मानलं जातं. पुढे कित्येक वर्षं हिल तिथे परीक्षक होता.

सांता मोनिकात केन व्हॉन यांच्यासोबत त्याने 'हिल अँड व्हॉन' हे दुरुस्तीचं दुकान काढलं. त्याशिवाय घरात स्वयंचलित पियानो: भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी लावायची, पायाने हवा भरायची आणि पट्ट्या आपोआप दाबल्या जायच्या. तेही तो स्वतः खोलून सुधारायचा. गाडी असो की पियानो, यंत्रातून नीट आवाज यायला हवा. मुलगा डेरेक पुढे शर्यतीत उतरला, फॉर्म्युला ३००० पर्यंत गेला.

अखेरच्या वर्षांत त्याला पार्किन्सन्ससारख्या मज्जातंतूंच्या आजाराने गाठलं. २८ ऑगस्ट २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीत तो गेला, वयाच्या ८१ व्या वर्षी. १९५० मध्ये जग्वार घेऊन तो जिथे जिंकला होता आणि १९५५ मध्ये मावशीची पिअर्स-ॲरो जिथे उभी केली होती, ते पेबल बीच तिथून काही किलोमीटरवर आहे.